नाव न घेतलेलं बोट

गोदाबाईंशिवायची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उजाडली तेव्हा सुनंदाने उंबरठा आधीच धुऊन ठेवला होता. हे काम सासूबाईंचं. गुडघे गेल्यावरही त्या पाटावर बसून, हाताने सरकत सरकत उंबरठा धुवायच्या आणि सुनंदाला म्हणायच्या, "तू पुरणाकडे पाह्य." कार्तिकात त्या गेल्या. तेव्हापासून घरातलं त्यांचं प्रत्येक काम पहिल्यांदा करायची वेळ आली की सुनंदा ते जरा लवकर उरकून टाकत होती. नवऱ्याला, गजाननला, ते होताना बघत उभं राहावं लागू नये, एवढंच.

दाराशी लाल मातीची घागर भरून ठेवली होती. तिच्यावर छोटं मडकं, त्यावर आंबा. गजानन आंघोळ करून आला आणि उंबरठ्याशी उकिडवा बसला. बहात्तराव्या वर्षीही त्याला असं बसता येई. त्याने वाटीतल्या कुंकवात थोडं पाणी टाकलं, बोटाने कालवलं, आणि पितरांची बोटं ओढायला घेतली. एक नाव, एक बोट.

"उखर्डू," तो म्हणाला आणि उंबरठ्यावर लाल रेघ उमटली. "भिकाबाई. ओंकार."

मागे अश्विनी मोबाईल धरून उभी होती. इंदूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी ही मुलगी गेल्या दसऱ्यापासून घराण्याची वंशावळ करायला बसली होती. तिच्यामुळे घरातले सगळे हल्ली जपून बोलत. सहज काही म्हटलं तरी ती विचारी, "हे तुला कोणी सांगितलं?"

ओंकार म्हणजे गजाननचे वडील, आबा. त्यांच्यानंतर गजाननने पुन्हा कुंकवात बोट बुडवलं आणि काहीच न बोलता एक रेघ ओढली. मग आणखी एकदा बुडवलं. या वेळी बोट उंबरठ्यावर अधांतरी थांबलं. कुंकवाचा थेंब खाली पडला.

आज पहिल्यांदा गोदाबाईंचं नाव पितरांमध्ये घ्यायचं होतं.

"आई," गजानन म्हणाला आणि रेघ ओढली.

"बाबा, नाव घ्यायचं ना," अश्विनी म्हणाली. "बाकी सगळ्यांची नावं घेतली."

"आई म्हटलं ना."

"बरं. आणि तिच्या आधीचं बोट? त्याला तर नावच नव्हतं."

"असंच असते ते. कोणी राहून गेलं असेन तर त्याच्यासाठी."

"मागच्या वर्षीच्या व्हिडिओतही आहे. त्याच जागी."

गजानन उठला. गुडघ्याचा कट्ट असा आवाज आला. "पितरांची हजेरी घेऊन राह्यली काय तू? सुनंदा, हिले काहीतरी काम दे," असं म्हणून तो मागच्या दाराने परसात निघून गेला. जाताना कुंकवाची वाटी हातातच राहिली होती.

सुनंदा मुलीकडे बघत राहिली. सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण ते सांगणं तिचं नव्हतं. इतकी वर्षं नव्हतं, तर आज तरी कसं असेल?

---

आशाआत्या आली ती बोलतच आली. "पंखा लावा व माय वहिनी, नाही तर पुरणाच्या आधी मीच शिजते. शाहपुरहून इथपर्यंत बसमध्ये उभी आली. सगळ्या गावच्या लेकी आजच माहेरी निघाल्या." तिने केळीचा घड खाली ठेवला, पदराने गळा पुसला आणि नेहमीच्या सवयीने आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबली. तिथे गोदाबाईंची खाट असायची. आता तिथे अश्विनी जमिनीवर पालथी पडून काहीतरी लिहीत होती.

"हे काय पसरलं?"

"वंशावळ."

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, कोऱ्या बाजूला, चौकोन आणि रेघा होत्या. काही पेन्सिलने, काही पेनाने. अश्विनीचा नियम होता, एकाने सांगितलेली गोष्ट पेन्सिलने लिहायची. दुसऱ्याने, पहिल्याचं न ऐकता, तीच सांगितली की मग पेन.

"आपल्या घरात दोघं एक गोष्ट कधी सांगत नाहीत," आशा म्हणाली. "तुझं पेन वाळून जाईन."

"म्हणून तर तुझी वाट बघत होते. आत्या, उंबरठ्यावर ते बिननावाचं बोट कोणाचं असतं?"

"कोणतं?"

"शेवटून दुसरं."

"असेन कोणी."

"आत्या, मतलब, तुला माहीत आहे."

"मले पोळ्या माहीत आहेत. सरक, वहिनी एकट्या लाटून राह्यल्या." आणि ती गेली. पण स्वयंपाकघरात गेल्यावर नेहमीसारखी तिची बडबड ऐकू आली नाही. दोघी नुसत्याच लाटत होत्या.

प्रयोगाचं उत्तर जुळेना की अश्विनी विद्यार्थ्यांना म्हणायची, आकड्यांवर चिडू नका, आपण काय गृहीत धरलं ते शोधा. तिने मोबाईलवर आजीचं दसऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. खरखर, मग तो आवाज. ऐकायची तिची ही सहा महिन्यांतली पहिलीच वेळ होती. आजी लग्न होऊन या घरी आली त्या दिवसाबद्दल सांगत होती.

"मी दारात आली, तर उंबऱ्यावर एक पोरगं बसलेलं. उघडंच. हातात भाकरीचा तुकडा. मले माप ओलांडू देईना. सगळे हसाले लागले. मग मी त्याले उचललं, कडेवर घेतलं, अन तसंच माप ओलांडलं."

मग अश्विनीचा स्वतःचा आवाज, "कोणाचं होतं ते?"

"घरचंच," आजी म्हणाली.

आणि लगेच पुन्हा अश्विनी, घाईघाईने, "बरं, शालू कोणत्या रंगाचा होता?"

अश्विनीने रेकॉर्डिंग थांबवलं. कागदावर त्या जागी तिने तेव्हाच पेन्सिलने लिहिलं होतं, 'शेजारचा मुलगा'. आजीने असं म्हटलंच नव्हतं. ते तिने स्वतः गृहीत धरलं होतं, कारण नवी नवरी घरात येते तेव्हा घरात मूल नसतं.

या घरात आजीहून लहान, आणि तेव्हा चालण्याइतका मोठा, एकच माणूस असू शकत होता. तो आत्ता परसात कुंकवाची वाटी घेऊन बसला होता.

तिने खोडरबराने 'शेजारचा मुलगा' पुसलं. त्या जागी काही लिहिलं नाही. कॅलेंडरची गुंडाळी केली, दोरी बांधली आणि कपाटावर ठेवून दिली. बाबांना विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. आजवर तिने अर्धवट सोडलेला हा पहिला प्रयोग होता, आणि सोडताना तिला बरं वाटलं.

---

परसात गोवऱ्या पेटल्या होत्या. दुपारच्या जेवणाआधी निखाऱ्यांवर प्रत्येक पितराच्या नावाने घास टाकायचा, पुरणपोळी, आमरस, कुरडई, वर तूप. त्याला आगारी म्हणतात. गजाननचा धाकटा भाऊ मधुकर पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि धुरात डोळे बारीक करून दुकानाबद्दल बोलत होता. ठिबकच्या नळ्यांचं त्याचं दुकान बुरहानपुरातल्या शनिवारा भागात होतं आणि आखाजीला ते बंद ठेवायचं त्याच्या जिवावर यायचं.

गजानन ऐकत नव्हता. तो समोरच्या ताटाकडे बघत होता.

आबांनी त्याला बोटं ओढायला शिकवली तेव्हा तो कळता झालेला होता. ते नाव न घेता एक बोट ओढत. त्याने विचारलं तेव्हा आबा इकडेतिकडे बघून हळू म्हणाले होते, ही तुझी जन्मदाती. जसोंडीची होती. तू अंगावर पीत होतास तेव्हा गेली. तिचं नाव गोदाबाई. मग दुसरी केली, आणि रिवाजाप्रमाणे तिलाही पहिलीचंच नाव ठेवलं. आता घरात जिवंत गोदाबाई असताना पितरांत गोदाबाई म्हणायचं नाही. जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत घेतलं तर त्याला ओढ लागते. म्हणून बोट ओढायचं आणि गप्प राहायचं.

तो गप्प राहिला. मधुकर आणि आशा दुसऱ्या गोदाबाईंची. त्यांना हे ठाऊक नाही, आणि ठाऊक होऊ द्यायचं नाही, असं त्याने त्याच दिवशी ठरवलं. 'सावत्र' हा शब्द या घरात कधीच कोणी उच्चारला नव्हता. गजाननला वाटे, तो उच्चारायचा राहिला आहे म्हणूनच त्याला भाऊ आहे आणि बहीण आहे.

आज नाव मोकळं झालं होतं. आई गेली होती. पण त्या एका नावाने घास टाकला तर तो कोणाला पोचणार? पहिलीला टाकावा तर आईचा पहिल्या वर्षाचा घास वाटला जातो. आईला टाकावा तर पहिली पुन्हा तिच्याच आड जाते.

"घे, दादा," मधुकर म्हणाला. सगळे येऊन उभे राहिले होते. सुनंदा, आशा, आणि त्यांच्या मागे अश्विनी, आज मोबाईलशिवाय.

उखर्डू, भिकाबाई, ओंकार यांचे घास पडले. तूप चरचरलं.

"आईचा टाक," मधुकर म्हणाला. "निखारे विझून राह्यले."

गजाननने पोळीचा तुकडा रसात बुडवला. "गो..." आणि हात थांबला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"घे ना नाव."

"कोणत्या गोदाबाईचं घेऊ?"

ते तोंडातून निघून गेलं. भिंतीवर कावळा बसला होता, तो घासाची वाट बघत एकदा ओरडला. गजाननला मान वर करवेना.

"दोघींचं घे," मधुकर म्हणाला. "पुरण कमी आहे काय?"

गजाननने सावकाश मान वर केली. "दोघी... तुले कोणी सांगितलं?"

"सहावीत होतो मी. नळावर एका बाईनं सांगितलं. घरी येऊन आईले विचारलं तर आईनं मले मारलं. आयुष्यात तेवढं एकदाच. मग जवळ घेऊन म्हणे, दादाले कळू देऊ नको, त्याचा जीव तुटेन."

"दादाले कळू देऊ नको?" गजानन म्हणाला. "अरे, मले आबांनीच सांगितलं होतं!"

"ते मले काय माहीत!"

आशा पदराने डोळे पुसत होती. धुराने की कशाने, कळत नव्हतं. "मले हळद लागली त्या दिवशी सांगितलं आईनं. म्हणे, मधुकरले माहीत नाही, त्याच्या समोर बोलू नको, तो तोंडाचा फाटका आहे."

"मी?" मधुकर ओरडला. "पन्नास वर्षं तोंड शिवून बसलो मी!"

गजानन बायकोकडे वळला. "तू?"

"पहिल्याच आखाजीला," सुनंदा म्हणाली. "उंबरठा धुताना त्यांनी सांगितलं. तुम्ही कधीतरी बोलाल म्हणून वाट बघत होते."

"मला आज," अश्विनी म्हणाली. "पोळ्या होत होत्या तेव्हा." मग तिला हसू आवरेना. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे एकमेकांपासून लपवत होते? आबा, आजी, तुम्ही तिघं, आई... अरे यार!"

"हसू नको," गजानन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघं मले सावत्र समजत होते, अन मी..."

तो शब्द बाहेर पडला. काही कोसळलं नाही.

"सावत्र?" मधुकरने पुठ्ठा खाली टाकला. "तुझ्या मागून त्याच शाळेत गेलो मी. प्रत्येक मास्तर म्हणे, हा गजाननचा भाऊ? मग तर गणित आलंच पाहिजे, अन दोन छड्या जास्त. सावत्र असतो तर एवढा मार वाचला नसता काय? त्या छड्या कोणी सोडल्या? घास टाक, मले भूक लागली."

आशा हसली आणि हसता हसता तिने दादाच्या कोपरावरचा रस आपल्या पदराने पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

गजाननने घास टाकला. "गोदाबाई," तो मोठ्याने म्हणाला. आईचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. मग दुसरा घास घेतला आणि पुन्हा तिथेच अडला. "हिचं पण हेच नाव कसं घेऊ आता? हे तर आईचं झालं."

"त्यांचं माहेरचं नाव असेल ना," अश्विनी म्हणाली. "लग्नाच्या आधीचं."

कोणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहायचं, आणि आबांनी दोन्ही वेळा एकच लिहिलं होतं.

"माहेरी तर लेकीचं बोट ओढत नाहीत," सुनंदा म्हणाली. ती हे निखाऱ्यांकडे बघून बोलली. "परणून दिली की ती सासरची पितर. आणि सासरी तिचं नाव दुसरीला देऊन टाकलं. म्हणजे तिचं नाव कुठंच घेतलं गेलं नाही. एकदाही."

गजाननने तो घास नेहमीसारखाच, नावाशिवाय, निखाऱ्यावर ठेवला.

"जसोंडीची होती," तो म्हणाला. "एवढंच आबा बोलले."

"जसोंडी?" मधुकरने कपाळावर हात मारला. "तू मास्तर असताना बदली झाली होती तिथल्या शाळेत. तू वर्षभर साहेबांच्या मागे लागून रद्द करून घेतली. आम्ही म्हणायचो, गाव तर जवळ आहे, ह्याले काय झालं?"

"तिथं कोणी ओळखलं असतं तर?" गजानन म्हणाला.

मधुकरने खिशातून मोबाईल काढलाच होता. जसोंडीत त्याचं एक गिऱ्हाईक होतं. "विपुलभाऊ? हाव, आखाजीच्या शुभेच्छा. नहीं नहीं, पाइप का काम नहीं, दुकान बंद है. सुनो, तुम्हारे गाँव में कोई बहुत पुराना आदमी है क्या? बुरहानपुर में लड़की दी थी, ओंकार पाटील के यहाँ, सत्तर साल पहले..."

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग कोणाचं तरी चढ्या सुरातलं बोलणं. मग विपुल पुन्हा, जरा गोंधळून, "काका, आजी पूछ रही है, गजानन है क्या उधर?"

गजाननच्या हातातलं ताट आशाने वेळेवर धरलं.

"है," मधुकर म्हणाला.

"बोल रही है, लेके आओ. जेवून-बिवून मत बैठो, अभी आओ."

---

जसोंडीला निघालेल्या व्हॅनची भट्टी झाली होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि त्यांच्या कडेच्या पानांच्या उन्हाळी वाऱ्याने चिंध्या झालेल्या. आशा खिडकीशी बसली होती. आई गेल्यावर बाराव्याला भाऊबंदांतली एक बाई तिला म्हणाली होती, आता माहेर म्हणजे भावजयीची मर्जी. सुनंदा वहिनीबद्दल तिला शंका नव्हती, तरी ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं होतं. आज तर दादाही स्वतःचं आजोळ शोधायला निघाला होता. ती त्याच्याबरोबर आली होती, पण आपण तिथे कोण, हे तिला सांगता आलं नसतं.

विपुलच्या घरापुढे नळ्यांची वेटोळी पडली होती. ओसरीत खाटेवर एक म्हातारी पाय खाली सोडून बसली होती, अंगाने एवढीशी, डोळे मात्र तरतरीत. ती दोन्ही भावांना आळीपाळीने बघत होती.

"यातला गजानन कोण?"

गजानन पुढे झाला, वाकून पाया पडला. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"तोंड कडूचं आहे," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"कडूचं. तुझ्या मायचं. तुले मायचं नाव माहीत नाही?" मग सगळ्यांचे चेहरे बघून तिला कळलं असावं. तिने खाटेवर जागा केली आणि त्याला ओढून शेजारी बसवलं. "आमच्या मायची आधीची पोरं जगली नाहीत. मग ही झाली. नाव ठेवलं कडू, म्हणजे यमालेही नको वाटेन. माझ्या वेळेस सुपात घालून शेजारणीले दिलं अन परत मागून आणलं, म्हणून मी सुपडी. ती मोठी, मी धाकटी. मी तुझी मावशी होते रे."

"कडू," गजानन म्हणाला. फक्त ओठ हलले.

अश्विनीच्या पिशवीत पेन होतं. तिने ते काढलं नाही.

"कशी होती?" गजाननने विचारलं.

"भांडकुदळ. माझी वेणी ओढे. विहिरीत पोरांच्या आधी उडी टाके, अन वरून त्यांनाच शिव्या दे. तुझ्या वेळचा ताप तिले उतरलाच नाही." सुपडाबाई त्याच्याकडे बघून हसल्या. "तोंड तिचं. पण बोलणं सगळं गोदाचं उचललं तू. ती पण अशीच खाली पाहून बोले."

आशा चमकली. "तुम्ही आमच्या आईला ओळखता?"

"ही कोण?"

"माझी बहीण, आशा. हा मधुकर, भाऊ," गजानन म्हणाला. त्याने ते खाली न बघता सांगितलं.

"गोदाची?" सुपडाबाईंनी हात पुढे केला आणि आशाला दुसऱ्या बाजूला बसवून घेतलं. "ओळखते म्हणजे? लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीले कडेवर हे पोरगं घेऊन एकटी आली इथं. आमच्या मायपुढं बसली अन म्हणे, तुमच्या लेकीचं नाव घेतलं मी, तिचं घर घेतलं, पोरगं घेतलं. आता मलेच लेक म्हणा. माय आधी रडली, मग माहेरी आलेल्या लेकीसारखं झोक्यावर बसवलं तिले. मी मागून ढकलला झोका. मग दर साली यायची."

"आम्हाला कधी आणलं नाही," मधुकर म्हणाला.

"मग गजानन बोलू लागला, इचारू लागला. गोदा म्हणे, सुपडे, आता मी येत नाही. पोरगं दोन आया ऐकून बावरेन. मग मीच मायले समजावलं." त्या आशाचा हात कुरवाळत होत्या. "पण कुरडया पाठवे. दर चैतात, कोणाच्या ना कोणाच्या हाती."

"मी म्हणायचे, एवढ्या कुरडया कशाला करता," सुनंदा पुटपुटली. "म्हणायच्या, एका देवाचा नेम आहे."

"यंदा आल्या नाहीत," सुपडाबाई म्हणाल्या. "म्हटलं, हात थकले असतीन, माझ्यापेक्षा मोठीच ती. अन आज तुमचा फोन आला तर मी म्हटलं, चला, गोदानं शेवटी सांगितलं पोराले. काहून नाही आणलं तिले? गुडघे दुखतात?"

विपुल पाण्याचे पेले घेऊन येत होता, तो दाराशीच थबकला. आशाला आपला हात त्या हातातून काढून घ्यावासा वाटला आणि काढवेना.

"मावशी," गजानन म्हणाला. "आई गेली. कार्तिकात."

सुपडाबाईंनी ते ऐकलं. मग खाटेचा आधार घेऊन उठल्या.

"तृप्ती," त्यांनी नातसुनेला हाक मारली. "पाणी काढ व. इथं दगडावर आण. माझी बहीण गेली."

"आजी," विपुल घाबरून म्हणाला, "छह महीने हो गये उनको. इस धूप में अब..."

"मले आज कळलं," त्या म्हणाल्या.

आशाला आईच्या वेळची आठवण झाली. बातमी ज्याच्यापर्यंत ज्या दिवशी पोचेल, त्या दिवशी त्याने डोक्यावरून पाणी घ्यायचं. पण फक्त आपल्या माणसाने. बाकीच्यांनी नुसतं हळहळायचं. कार्तिकात खकनारहून मामेभाऊ आले होते, तेवढेच. आईला बहीण नव्हती. निदान आशा असंच समजून चालली होती.

सुपडाबाई अंगणातल्या धुण्याच्या दगडावर लुगड्यासकट बसल्या. तृप्तीने बादली आणली आणि तांब्या हातात धरून ती आजेसासूकडे, मग पाहुण्यांकडे बघत राहिली. आशा उठली. उन्हात अनवाणी पाय भाजले, तशीच पुढे गेली आणि तृप्तीच्या हातून तांब्या घेतला. गजाननने दुसऱ्या बाजूने येऊन म्हातारीच्या पाठीला हात लावला, तोल जाऊ नये म्हणून.

"टाकीचं आहे, मावशी. कढत असेन," आशा म्हणाली.

"असू दे. वत."

पहिल्या तांब्याने पांढरे केस कपाळाला चिकटले. पाणी दगडावरून उतरून मातीत शिरलं आणि क्षणात नाहीसं झालं. दुसऱ्या तांब्याला सुपडाबाईंच्या तोंडून हुंदका फुटला, आणि मग त्या लहान पोरीसारख्या, आवाज न आवरता रडू लागल्या. आशाने पाहिलं, दादाही रडत होता. कार्तिकात, आईला उचललं तेव्हा, त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तो कोणासाठी रडतोय, हे तिने विचारलं नाही. मधुकर बाहीने नाक पुसत जवळ आला, तेव्हा तिने तांब्या भरून त्याच्या हातात दिला.